गुलाबाखालचा भाऊ

"ह्यातला गुलाब काढता येतोय का?" तिनं दारातूनच इचारलं.

कडेवर पोर, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत कॅसेट. उनानं तोंड लाल झालेलं. मी तिला बघताच वळखलं. त्या बाईचं लग्न मी कितीतरी येळा बघितलं हुतं. तिला हळद लागताना बघितली, हार घालताना बघितली, टेम्पोत बसताना रडताना बघितली. ती मला पयल्यांदाच बघत हुती. आन त्यो गुलाब मीच लावला हुता.

संगमनेरात यष्टी स्टँडाच्या मागं जिना चढून वर गेलं की शौकतभाईंची मिक्सिंग लॅब हुती. लॅब म्हंजे एक खोली, खिडकीला काळा कागद, दोन व्हीसीआर, मधी मिक्सर, समोर टीव्ही. माझे मालक, म्हंजे घरधनी, दूध संघाच्या टेम्पोवर ड्रायवर. माझी शाळा सातवीत सुटली. लॅबमधी मी झाडायला लागले, मग चिठ्ठ्या चिकटवायला लागले, मग भाईंनी मशीनवर बसवलं. मशीनीला हात लावायचं मला लई भ्या वाटायचं. आमचं घर इकलं तरी भरून निघायचं न्हाई असलं ते मशीन. माझी पिंकी तवा रांगत बी नव्हती. टेबलाच्या पायाला आन खिडकीच्या गजाला झोळी बांधायची, पायानं झोका द्यायचा, हातानं मिक्सिंग करायचं.

काम सांगते. लग्नाची शूटिंग झाली की कॅमेऱ्यातली कॅसेट आमच्याकडं यायची. तिला मास्टर म्हनायचं. मास्टर म्हंजे जी सोता लग्नाला गेल्ती ती. ती एका व्हीसीआरात लावायची, दुसऱ्यात कोरी लावायची, आन मधी मिक्सरवर गानी घालायची, नावं घालायची, बदामातनं नवरा-नवरी काढायची. तयार झाली ती पार्टीची कॅसेट. मास्टरवरनं काढलेली कॅसेट झ्याक दिसती. त्या कॅसेटीवरनं दुसरी काढली की जरा फिकी. दुसरीवरनं तिसरी काढली की तोंडं धुरकाटती. ताकात पानी घालावं आन त्या ताकात परत पानी घालावं, तसं. म्हनून मास्टर जपायची. पन कॅसेट महाग, म्हनून पार्टीनं एकदा बरं म्हनलं की तीच मास्टर परत कॅमेऱ्यात जायची, दुसऱ्या लग्नाला. लॅबमधी रीत अशी की चिठ्ठी लावलेली कॅसेट कामाची, आन बिनचिठ्ठीची कॅसेट कोरी.

ही रीतच आमाला बाधली.

तिचं नाव हिरा. तिला मी स्टुलावर बसवलं, पानी दिलं. तिचं पोर झोळीतल्या पिंकीकडं टकामका बघत बसलं.

भाई म्हनले, "गुलाब तुमच्या सासऱ्यांनीच लावून घेतला ना?"

"आन्नांनीच," ती म्हनली. "पन आता माझ्या भावाला बोलवायचंय. बाळाचं जावळ हाय रविवारी. मामाच्या मांडीवर बसल्याबिगर जावळ कसं काढायचं? मी गेल्ते बोलवायला. दादा म्हनला, येतो की. पन ऐकतोय माझ्या तोंडावर फूल ठिवलंय म्हनं. ते काढा, समद्या गावाम्होरं कॅसेट लावा, मग येतो. न्हाईतर तुझ्या पोराला दुसरा मामा बघ."

हे गुलाबाचं असं झालं हुतं. लग्नात कानपिळी असती, ठाऊकच हाय. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, त्याला कपडे करत्यात, समदे हासत्यात, झालं. हिराच्या भावानं, भानुदासनं, कान जरा जास्तच पिळला. नवऱ्याच्या डोळ्यात पानी आलं. मांडव हासला. आन्नांना राग आला, ते म्हनले, "मानूस हाय का बैल?" भानुदासनं हातातलं पॅन्टपीस त्यांच्या पायाशी टाकलं आन म्हनला, "ह्या मांडवात मी पान्याला शिवनार न्हाई." आन गेला. बहिनीच्या लग्नातनं भाऊ उपाशी गेला. दोन्ही गावांत तेच झालं, हिराचा भाऊ उपाशी गेला.

मग कॅसेट तयार झाली. आमच्याकडं कॅसेटीला येळ लागायचा, लोक म्हनायचे तुमची कॅसेट येस्तोवर पाळना हालतो. आन्नांनी घरी लावली आन कानपिळी आली तशी ते उठले आन कॅसेट घेऊन थेट लॅबमधी आले. म्हनले, "ह्यो मानूस माझ्या पोराच्या लग्नात दिसता कामा न्हाई."

आता मानूस काढता येत न्हाई. पिक्चर म्हंजे भिंतीवरचं पोस्टर न्हवं, फाडलं आन झालं. मग भाईंनी तोडगा काढला. मिक्सरला एक दांडी असती, तिनं पडद्यावर एक गोल फिरवता येतो, आन गोलात दुसरं काय बी दावता येतं. भाईंनी एका ग्रीटिंग कार्डावरचा गुलाब कॅमेऱ्याम्होरं धरला, आन दांडी माझ्या हातात. भानुदास इकडं गेला की गुलाब इकडं, तिकडं गेला की तिकडं. मांडीवर पिंकी पीत हुती आन मी गुलाब पळवत हुते. लाह्या टाकताना गुलाब वाकला. मंगलाष्टकात गुलाब नवरीच्या बाजूला उभा ऱ्हायला. कानपिळीला तर काय सांगू, गुलाबातनं एक हात आला आन त्यानं नवऱ्याचा कान पिळला. हात झाकायला गेले तर नवरा बी झाकायचा.

तयार झालेली कॅसेट आन्नांनी तिथंच बसून बघितली. बघितली आन म्हनले, "हीच खरी. आता हिच्यावर मास्टर लिव्हा."

भाई म्हनले, "आन्ना, मास्टर ती जुनी. ही तिच्यावरनं काढलीय."

"जुनी खोटी. ज्यात त्यो हाय ती माझ्या घरच्या लग्नाची न्हाई. चिठ्ठी काढा तिची. माझ्यासमोर काढा."

पार्टी म्हंजे पार्टी. भाईंनी जुन्या मास्टरची चिठ्ठी सोलली आन गुलाबाच्या कॅसेटीला लावली. घरची पयली कॅसेट बी आन्नांनी गुलाबाची करून घेतली, जुन्यावरच नवं भरून. नवऱ्याच्या मामाला एक, आत्याला एक, समद्यांना गुलाबवाली गेली.

आता हिरा म्हनत हुती, गुलाब काढा.

भाईंनी तिची कॅसेट हातात घेतली. "पोरी, भाकरीत मीठ पडलं की मागं काढता येतं का? ह्यात गुलाबाच्या मागं कायच न्हाई. मागं गुलाबच हाय. जुनी मास्टर असली तरच."

"मग ती काढा की."

भाईंनी कपाट उघडलं. हिराच्या सासरच्या नावाच्या कॅसेटी निघाल्या. एकीवर मास्टर. एकीवर नवा मास्टर, ती नवऱ्याच्या मामाला काढून देताना भाईंनी लिव्हलेली. एकीवर फायनल मास्टर, आत्याच्या येळंची. मी पयली लावली, गुलाब. दुसरी लावली, गुलाब, जरा फिका. तिसरी लावली, त्यात तर गुलाब हाय का कोबी तेच कळंना.

हिरा बघत हुती. ती रडली बिडली न्हाई. पोराच्या डोक्यावरनं हात फिरवत बसली. जावळ लई दाट हुतं त्याचं.

"दादा येनार न्हाई मग," ती म्हनली. "एकदा उपाशी गेला. आता येनारच न्हाई."

दांडी माझ्या हातात हुती न्हवं. भाईंनी सांगितलं म्हनून केलं, खरं हाय. पन हात माझा हुता. मी परत परत म्हनत हुते, ताई थांबा, थांबा, आपन बघू. काय बघू ते मलाच ठावं नव्हतं.

भाई म्हनले, "जुनीची चिठ्ठी सोलली. म्हंजे ती बिनचिठ्ठीच्या खोक्यात गेली आसंल." खोकं टेबलाखाली असायचं. ओढलं तर रिकामं. लग्नसराई हुती, समद्या कोऱ्या शूटिंगला गेल्या हुत्या.

तवा मला ते आठवलं. सकाळी दिलपाची बॅग मीच भरली हुती. दिलपा म्हंजे आमचा कॅमेरामन, दिलीप. त्याला शेजारच्या अकोले गावाच्या वाटंला एका वाडीत हळदीला जायचं हुतं. खोक्यातल्या उरल्यासुरल्या कॅसेटी मी बॅगेत टाकल्या, आन त्यातल्या एकीला कुंकू हुतं. पाठीमागच्या खाचीत वाळून बसलेलं, नखानं निघंना. मी म्हनलं जाऊ दे, पुजंचं कुंकू हाय, कशाला काढायचं, आन दिली बॅगेत ठिवून.

"ताई," मी इचारलं, "तुमच्या लग्नात कॅसेटीला कुंकू लावलं हुतं का कोनी?"

"आयनं," हिरा म्हनली. "कॅमेरावाला दारात आला तवा आयनं त्याला ओवाळलं. कॅमेऱ्याला कुंकू लावलं. मग म्हनली, लगीन तर कॅसेटीत बसनार हाय, तिला बी लावा. म्हनून तिला बी लावलं."

भाई माझ्याकडं बघाय लागले. मास्टर लग्नाला जाती, म्हनून तिला कुंकू लागतं. बाकीच्या लॅबमधीच जल्मत्यात, त्यांना कोन कुंकू लावनार?

"ती दिलपाच्या बॅगेत गेलीय, भाई."

भाईंनी घड्याळ बघितलं. त्या वाडीत फोन न्हाई, कायच न्हाई. दिलपानं ती कॅमेऱ्यात घातली आन बटन दाबलं की हिराचं लगीन पुसायला लागनार. कॅसेट अशीच हाय, नवं भरताना ती जुन्याला इचारत न्हाई.

"मी जाते," मी म्हनले. माझ्या तोंडातनं कसं निघालं कोन जाने. मी कधी एकटी अकोल्याच्या वाटंला गेले नव्हते.

भाईंनी कपाटातली नवी, कागदात गुंडाळलेली कॅसेट काढून दिली. "रिकाम्या हातानं जाऊ नको. त्याला बदली पायजे, न्हाईतर त्यो काढनार न्हाई. जीपचे पैसे हे घे. आन पिंकीला ठिवून जा."

"ती ऱ्हायची न्हाई."

"ऱ्हाती," हिरा म्हनली. "माझ्याकडं द्या. मी बी पाजतीच हाय."

मी पोरीला तिच्या मांडीवर दिलं आन जिना उतरले. जीप भरल्याबिगर हालत न्हाई. मी ड्रायवरला म्हनले, दादा चला, लई गरज हाय, त्यो म्हनला, समद्यांनाच गरज हाय, म्हनून तर बसलेत. एक म्हातारी कोंबड्या घेऊन चढली, एक मास्तर चढले, मग दोघं फाळक्यावर लटकले, तवा निघाली. वाटंत ऊस, ऊस, आन दुधाच्या केन्या घेऊन उभी मानसं, आन प्रत्येकाजवळ जीप थांबायची. कॅसेट मी पदराखाली पोटाशी धरली हुती. मनात एकच, आता त्यानं बटन दाबलं आसंल, आता मंगलाष्टक पुसलं आसंल, आता कानपिळी. मला ते समदं पाठ हुतं न्हवं, कुठं काय येतं.

वाडीत उतरले तर लांबूनच हळदीची गानी ऐकू आली. मी पळतच गेले. मांडवात नवरी पाटावर, बाया भवतीनं, आन दिलपा खांद्यावर कॅमेरा घेऊन. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू.

"दिलपा, कंची कॅसेट घातलीय?"

त्यानं डोळा न हालवता म्हनलं, "वहिनी? तुमी कशा काय? व्हा बाजूला, फ्रेममधी येताय."

"कुंकवाची घातलीय का?"

"व्हय. चांगली दिसली म्हनून पयली तीच घातली. शुभ असती."

"किती येळ झाला?"

"हळद चढाय लागली तवापासनं."

"काढ ती."

"आता? नवरीची आय मला उखळात घालंल."

"दिलपा, ती एकीच्या लग्नाची मास्टर हाय. पुसायलीय."

त्यानं कॅमेरा खाली घेतला. पन बंद केला न्हाई. "वहिनी, बिनचिठ्ठीची हुती ती. माझं काय चुकलं?"

"तुझं काय बी चुकलं न्हाई रं बाबा. काढ."

नवरीची आय आलीच. हाताला हळद, कपाळाला घाम. "काय झालं वं बाई? शूटिंग का थांबली?"

मी तिला सांगितलं. मला नीट सांगता बी येईना, धाप लागलेली, समदं उलटसुलट. भाऊ, गुलाब, जावळ, रविवार. पन तिनं ऐकलं. बाया गानं थांबवून ऐकाय लागल्या. मला वाटलं आता ओरडनार, अपशकुन म्हननार.

ती म्हनली, "आन तुमी भावाच्या तोंडावर फूल ठिवलं?"

"व्हय."

"आन तेवढ्यासाठी पळत आलीस?"

"व्हय."

ती दिलपाकडं वळली. "काढ रं मुडद्या. बघतोस काय? कॅसेट बदलोस्तोवर माझी पोरगी काय पांढरी पडत न्हाई." मग मला म्हनली, "बाई, आमची हळद तेवढी त्यात भरलीय ना? ती आमाला मिळाली पायजे हां."

मी शप्पत घेतली. दिलपानं कुंकवाची काढली, नवी घातली. नव्या कॅसेटीला नवरीच्या आयनं हळदीचंच बोट लावलं, कुंकू हाताशी नव्हतं म्हनून. मला पानी दिलं आन बसायला सांगितलं, पन मी थांबले न्हाई. माझी पोर दुसरीकडं हुती.

लॅबमधी आले तर पिंकी हिराच्या मांडीवर गाढ झोपलेली आन हिराचं पोर भाईंच्या टेबलावर बसून मिक्सरची दांडी हालवत हुतं.

"हाय का?" हिरानं इचारलं.

कॅसेट लावली. आदी दुसऱ्याच नवरीची हळद आली. हिराच्या तोंडावरचा रंगच उडाला. मग एक मुंग्या मुंग्या झालेली पट्टी आली, मग हिराच्या गावचा मांडव आला. तिची हळद समदी गेली हुती. साकरपुड्याचं थोडं गेलं हुतं. पन म्होरं मंगलाष्टक हुतं, आन तिच्या बाजूला गुलाब नव्हता. एक काळासावळा, टोपी वाकडी घातलेला गडी उभा हुता, आन दर खेपंला अक्षता टाकताना बहिनीच्या डोक्यावर हात धरत हुता, तिच्या डोळ्यात जाऊ नये म्हनून. मी कितीतरी येळा त्याच्यावर गुलाब धरला हुता आन मला त्यो हात कधी दिसलाच नव्हता.

टीव्हीच्या काचंला हिरानं बोट लावलं.

भाई म्हनले, "हळद गुलाबाच्या कॅसेटीतनं घेऊ. त्यात भाऊ बराचसा नव्हताच. जरा धुरकट दिसंल."

"दिसू दे," ती म्हनली.

मी मिक्सिंगला बसले. कुंकवाची एकीकडं, कोरी दुसरीकडं. हिरा शेजारी. कानपिळी आली तशी ती हासली. "लई पिळला वं दादानं. मालकाचा कान तीन दिस लाल हुता." पाठवनी झाली, टेम्पो गेला. तिथं पार्टीची कॅसेट संपायची. मी बंद करायला गेले तर भाई म्हनले, "ऱ्हाऊ दे, म्होरं काय हाय बघू. मास्टर शेवटपर्यंत बघायची."

म्होरं कॅमेरा स्टुलावर ठिवलेला. दिलपा जेवायला गेला असनार आन बटन बंद करायचं इसारला. पिक्चर तिरपा. मांडवाचा खांब, लोकांचे पाय, एक कुत्रं. आन लांब, लाऊडस्पीकरवाल्याच्या टेम्पोच्या फाळक्यावर कोनतरी बसलेलं. टोपी वाकडी.

"दादा," हिरा म्हनली.

भानुदास. एक वाढपी बादली घेऊन गेला, त्याला भानुदासनं हाक मारली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कागद पसरला. वाढप्यानं जिलबी वाढली. त्यानं खाल्ली. परत कागद म्होरं केला. परत वाढली. लाऊडस्पीकरवाला त्याला पाठीत धपाटा मारून हासला, आन भानुदास त्याच्यावर डोळे वटारून तिसऱ्यांदा कागद म्होरं करत हुता.

आमी तिघं बघत बसलो. मग हिराला हासू फुटलं. आदी जरासं, मग ती वाकून वाकून हासाय लागली, पदर तोंडात कोंबला, तरी थांबंना, आन हासता हासता डोळ्यातनं पानी. पोर घाबरून रडाय लागलं, पिंकी उठली, ती बी रडाय लागली.

"दोन वरसं झाली," ती म्हनली, "दोन वरसं मला घास गिळवला न्हाई वं. सनाचं ताट वाढलं की वाटायचं, माझा भाऊ माझ्या लग्नातनं उपाशी गेला. आन ह्यो मेला जिलबी खातोय. तीन डाव."

भाई बी हासत हुते. "घालू का शेवटी? लोकांना मज्जा यील. कॉमेडी."

हिरानं डोळे पुसले. "न्हाई."

"अगं सासऱ्यांचं तोंड बंद हुईल. उपाशी गेला, उपाशी गेला म्हनत्यात."

"आन दादाचं? गावाम्होरं? त्याचं तर येनंच बंद हुईल कायमचं. न्हाई भाई. हे नगं. पाठवनीला संपवा." मग माझ्याकडं वळून म्हनली, "पन पुसू नगा हां. पुसायचं न्हाई आन दावायचं बी न्हाई."

मग भाईंनी पिनेनं कुंकवाच्या कॅसेटीचा दात पाडला. कॅसेटीच्या पाठीला पलास्टिकचा एक बारका चौकोन असतो. त्यो मोडला की मशीन तिच्यावर भरत न्हाई, नुसती दावती. पार्टीच्या कॅसेटीचा दात आमी नेहमी पाडायचो, मास्टरचा कधी न्हाई, कारन ती परत वापरायची असायची. त्या दिवशी पयल्यांदा मास्टरचा पाडला. वाडीवाल्यांची हळद मी तिच्यावरनं उतरवून घेतली, शप्पत घेतली हुती म्हनून. कुंकू तसंच ठिवलं.

नातवाचं जावळ मामाबिगर अडायला नगं म्हनून रविवारी आन्नांनीच टीव्ही आन व्हीसीआर भाड्यानं मागवला, आन चालवायला भाईंनी मला पाठवलं. मी कोपऱ्यात पिंकीला घेऊन बसले. भानुदास आला हुता. पाटावर बसला, भाचा मांडीवर, न्हाव्यानं जावळ काढलं. पोरगं बोंबलत हुतं आन मामा त्याच्या कानाजवळ त्वांड नेऊन कायतरी सांगत हुता. कानाला हात मात्र लावला न्हाई. समद्यांनी बघितलं ते.

जेवनाआदी कॅसेट लावली. हळद धुरकट आली, लोक म्हनले टीव्ही खराब हाय. मग मंगलाष्टक आलं आन मागची मानसं म्होरं सरकली. भानुदास दिसला. भानुदास सोताला बघत हुता. आन्ना छताकडं बघत हुते. कानपिळी आली, सगळे हासले, हिराचा मालक बी हासला आन त्यानं कानाला हात लावला.

मागनं आन्नांची म्हातारी आय म्हनली, "आरं, त्यो गुलाब कुठं गेला? लई झ्याक हुता."

आन्ना म्हनले, "गप बस, आय."

मग पंगत बसली. हिरा सोता वाढत हुती. भानुदासच्या ताटाजवळ ती थांबली. भानुदास मोठ्यानं, आन्नांना ऐकू जाईल असं म्हनला, "आज खातो. लग्नात पान्याला शिवलो नव्हतो मी."

हिरानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग परातीतनं जिलब्या उचलल्या आन त्याच्या ताटात टाकल्या. एक. दोन. तीन.

"व्हय दादा," ती म्हनली. "म्हनून तर."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग ताटाकडं, मग परत तिच्याकडं. काय समजला, काय न्हाई, मला सांगता येनार न्हाई. त्यो खाली मान घालून खाऊ लागला.

त्या दिवसापासनं आमच्या लॅबमधी रीत बदलली. जी कॅसेट लग्नाला जाती तिला कुंकू लागतं, लग्नघरानं न्हाई लावलं तर आमी लावतो, आन ती आली की तिचा दात पाडतो. चिठ्ठी कुनाची बी लागू दे. कॅसेटी जादा लागत्यात म्हनून भाई कुरकुर करत्यात. पन मास्टर कंची हे पार्टीला इचारायचं न्हाई, एवढं मी शिकले. पार्टीचं मन वरसात दोनदा बदलतं. कॅसेट तीच ऱ्हायला पायजे.